उलटा शंख

"बाई, हा उजवा शंख आहे."

मुंबईतल्या खारदांडा कोळीवाड्याजवळची एक मराठी शाळा, वाचनाचा तास, आणि पाचवीतला एक मुलगा माझ्याच पुस्तकाचं एकविसावं पान माझ्यासमोर धरून उभा. मला वाटलं, कौतुक करतोय. उजवा म्हणजे सरस, चारचौघांत उजवा, तसं काहीतरी. मी "अरे वा" म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "उजवा आहे बाई. असा कुठे असतो?"

मधली सुट्टी झाली तसा तो घरी पळाला आणि आजीच्या देव्हाऱ्यातला शंख वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. आजीला विचारून आणलास का, ह्या वर्गशिक्षिकांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. शंख बाकावर ठेवला, निमुळती चोच वर करून, देवापुढे ठेवतात तसा. मग माझं पुस्तक उलटं केलं, अक्षरं डोक्यावर, आणि शंखाच्या शेजारी आणून टेकवलं. आजीच्या शंखाचं तोंड डावीकडे उघडत होतं. माझ्या चित्रातल्या शंखाचं उजवीकडे.

"असा मिळाला तर आजी म्हणते, दारात गाडी येईल."

त्या पानावर एक संन्यासी खेकडा आहे. हा रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंगाने वाढला की मोठी जागा शोधत फिरतो. मुंबईतल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. मी काढलेला खेकडा खडकाला टेकलेल्या शंखातून उजवीकडे डोकावत होता. एकवीस हे उजवं पान, म्हणजे खेकडा पुस्तकाबाहेर बघत होता. मांडणीवाल्यांचा एक जुना नियम आहे. पानावरच्या माणसाने, जनावराने, अगदी मोटारीनेसुद्धा पुस्तकाच्या आत बघावं, नाहीतर वाचणाऱ्याची नजर त्याच्यामागोमाग पानाबाहेर निघून जाते. मांडणी करणाऱ्या मुलाने नियम पाळला. माऊसची एक टिचकी, चित्र आरशातल्यासारखं फिरलं, खेकडा आत बघू लागला आणि शंख लाखमोलाचा झाला.

शेवटचं प्रूफ रात्री साडेअकराला मोबाइलवर आलं होतं. मी ते पूर्ण वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, अनुस्वार पाहिले, फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते पाहिलं. चित्रं पाहिली नाहीत, कारण ती माझीच होती. 'ओके' पाठवलं आणि झोपले. माणसाला शंख म्हणतात ते काही उगीच नाही.

शंखांना, गोगलगायींना डावं-उजवं असतं. वळणाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे असा शंख धरला, तर दहातल्या नऊहून जास्त जातींचं तोंड आपल्या उजव्या हाताला उघडतं. जीवशास्त्रात त्याला उजवा म्हणतात. आपल्या देवघरातली धरायची रीत नेमकी उलटी, चोच वर आणि वळणाचं टोक खाली. म्हणून जीवशास्त्रातला उजवा तो आपल्याकडे डावा, वामावर्ती. आणि क्वचित कधीतरी उलट्या वळणाचा निघतो तो दक्षिणावर्ती, उजवा. मुलाने पुस्तक उलटं का केलं ते मला घरी आल्यावर, जेवताना कळलं. त्याने माझं चित्र आजीच्या रीतीत बसवून पाहिलं होतं. शिवाय संन्यासी खेकड्याचं मऊ पोटही शंखाच्या वळणाबरोबर एका बाजूला वळलेलं असतं. म्हणजे आम्ही त्या गरीब प्राण्याला त्याच्या अंगाला न बसणाऱ्या घरात कोंबून दोन हजार प्रती छापल्या होत्या.

शुद्धिपत्राची एक चिठ्ठी आत घालूया, असं मी प्रकाशकांना सुचवलं. "मॅडम, लहान मुलांच्या पुस्तकात शुद्धिपत्र? मुलांना कुठे कळतंय?" त्यांना मी खारदांड्याचा किस्सा सांगितला. ते मनापासून हसले. चिठ्ठी निघाली नाही.

पंचवीसेक वर्षं मी हे काम करतेय. मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहायची आणि त्यातली चित्रंही आपणच काढायची. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, काही वर्षं जाहिरातींत साबणाचा फेस रंगवला, मग इकडे वळले ती वळलेच. लोकांना वाटतं की दोन्ही एकाच माणसाकडे असलं की सोपं जात असेल, लेखकाशी भांडण नको. प्रत्यक्षात भांडण असतंच, फक्त आवाज बाहेर येत नाही. लिहिणारी मी जरा राजकारणी आहे. 'ह्या प्राण्याला अनेक पाय असतात', 'तो दाट झाडीत राहतो', 'मादी योग्य जागा निवडते' अशी वाक्यं तिला झरझर सुचतात, आणि ती खोटीही नसतात. चित्र काढणारी मी त्या वाक्यापाशी येऊन थांबते. अनेक म्हणजे किती? झाडी कसली, पानं समोरासमोर की एकाआड एक? 'योग्य जागा' कशी काढतात?

मुंगीला सहा पाय असतात एवढं लिहिलं की वाक्य पुरं होतं. कागदावर ते सहा पाय कुठून तरी फुटावे लागतात. तिन्ही जोड्या मधल्या भागातून, छातीतून. मागच्या फुगीर पोटातून एकही नाही. कोळ्याचे आठही पाय पुढच्या भागातून. ही माहिती मला शाळेत होती, पेपरात लिहिलीही असेल. हातात पेन्सिल येईपर्यंत ती माझी नव्हती.

वडील एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. पूल, नाले, पाण्याच्या टाक्या. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईची रेघ चुकली की ती ब्लेडच्या कोपऱ्याने हलक्या हाताने खरवडायची, मग नखाने कागद घोटून गुळगुळीत करायचा आणि परत ओढायची. रविवारी घरी आणलेल्या कामावर हे मी तासन्तास बघत बसे. मी घर काढून दाखवलं की ते छान म्हणायचे नाहीत. विचारायचे, दार आत उघडतं की बाहेर? मला ह्या प्रश्नाचा फार राग यायचा. सहा वर्षांच्या मुलीच्या घराला दार आहे हेच पुष्कळ नाही का? आता माझ्या टेबलापुढच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या यादीत पहिली ओळ तीच आहे. शंखाच्या वेळी यादी भिंतीवर होती आणि मी मोबाइलवर.

शिवडीच्या जेट्टीवर मी फ्लेमिंगोंसाठी दोन हिवाळे गेले. ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि भरती चढू लागली की ते हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात. पहिल्या दिवशी मी जेवढी रेखाटनं केली ती सगळी फुकट गेली, कारण पाय जमेनात. सगळे म्हणतात फ्लेमिंगोचा गुडघा मागे वाकतो. तसाच काढला की पक्षी पडेल असा वाटतो. मग उमगलं की मागे वाकतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. पक्षी चवड्यावर उभा आहे, टाच हवेत. एकदा हे कळल्यावर कावळा, कोंबडी, बगळा सगळेच माझ्या डोळ्यांपुढे टाचा उचलून चालायला लागले. पुस्तकात मी फ्लेमिंगोच्या शेजारी चवड्यावर उभी असलेली एक शाळकरी मुलगी काढली, घोट्यापासून घोट्यापर्यंत तुटक रेघ ओढली, आणि ह्या पानावर मजकूर दोनच ओळी ठेवला. लिहिणारी थोडी नाराज होती.

मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो, त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्लं करडीच असतात. हे सगळं पाहायला दुर्बीण लागते आणि बूड टेकायला काहीतरी. पूर्वी तिथे चहाच्या टपरीचं एक बाकडं होतं. आता डोक्यावरून अटल सेतू जातो. २०२४च्या जानेवारीत तो सुरू झाला त्याच्या आधीची माझी रेखाटनं आणि नंतरची सहज ओळखू येतात; नंतरच्यांत प्रत्येक पक्ष्याच्या मागे एक सरळ आडवी रेघ आहे.

जवळून बघायचं तर फोर्टमधलं वस्तुसंग्रहालय. १९२२ साली लोकांसाठी उघडलेली ती इमारत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'म्युझियम'च. तिथल्या काचेमागे फ्लेमिंगो आहेत, धनेश आहे, रानगवा आहे, आणि कुणी उडून जात नाही. पायांचे खवले, नखं, पापण्या तिथे निवांत काढता येतात. रंगावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. भुसा भरलेल्या पक्ष्याचा रंग विटतो, चोचीला तर पुष्कळदा वरून रंग दिलेला असतो. म्हणून आकार म्युझियममधून, रंग शिवडीहून.

आणि बोंबील वेसाव्याहून, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून. हे मी आधी केलं नव्हतं. कोळीवाड्यावरच्या पुस्तकासाठी मी इंटरनेटवर मिळालेल्या धूसर फोटोवरून वाळत घातलेले बोंबील काढले होते, शेपटीला दोरीवर टांगलेले, चिमटे लावलेल्या मोज्यांसारखे. प्रती काढायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी किनाऱ्यावर गेले. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या त्या लांबच लांब मांडवावर, बोंबील चढवणं चाललं होतं. मी एका मावशींना कच्चं चित्र दाखवलं.

"शेपटीला? ह्यो काय कपडा हाय?"

त्यांनी टोपलीतून दोन बोंबील उचलले, एकेका हातात एकेक. बोंबलाचं अंग लिबलिबीत, अर्धपारदर्शक, धरलं तर निसटतं, पण जबडा केवढा! जवळजवळ डोक्याएवढाच जबडा, आणि आत मागच्या बाजूला वळलेले बारीक टोकदार दात. एकाचा जबडा त्यांनी अंगठ्याने उघडला, दुसऱ्याचा खालचा जबडा त्यात घातला, किंचित पिळ दिला आणि सोडलं. दोघं एकमेकांत अडकले. ती जोडी दोरीवर टाकली, एक इकडे, एक तिकडे, मधे दोरी. दोरा नाही, हूक नाही, गाठ नाही. हे सगळं मला लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या दहा-बारा जोड्या चढल्या. मी म्हटलं, मावशी, जरा हळू कराल का? त्या म्हणाल्या, हळू केल्याव जमत नाय. आणि ते खरं होतं. मी हळू करून पाहिलं, जमलं नाही. हाताला दोन दिवस वास होता. चित्र मी चार टप्प्यांत काढलं, चौथ्या टप्प्यात फक्त हात आहेत. माझ्या सगळ्या पुस्तकांत मला अभिमान वाटावा असं पान हे एकच, आणि त्यातलं मला काहीच सुचलेलं नाही.

आता भाषेचं. मराठीत माहितीपर पुस्तक लिहिणाऱ्याला एक अडचण येते ती इंग्रजीत लिहिणाऱ्या मैत्रिणींना समजावताना मी दमते. आपल्याकडे क्रियापद लिंग विचारतं. आणि आपल्या पूर्वजांनी ही लिंगं वाटताना जीवशास्त्र बघितलेलं नाही.

डास चावतो. चावतो ती मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांचा रस पिऊन जगतो. एका भिंतीवर मी डेंग्यूच्या पोस्टरवरचा मिशीवाला खलनायक डास पाहिला होता. झुपकेदार स्पर्शिका नरालाच असतात, तेव्हा मिशीवाला डास दिसला तर खुशाल हात पुढे करावा. कोकिळा गाते. गातो तो कोकीळ, काळाभोर, लाल डोळ्यांचा. कोकिळा तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, तिचा आवाज म्हणजे किक्-किक् असा कर्कश ठेका. एप्रिलमध्ये पहाटे चारला आमच्या मुलुंडच्या खिडकीबाहेर जो सूर लावतो त्याला मी झोपेत घातलेल्या शिव्यासुद्धा आता पुल्लिंगी असतात.

सुगरणीने मला सगळ्यात जास्त छळलं. नावच बाईचं. घरटं विणतो बाप्या. विणीच्या हंगामात त्याचं डोकं पिवळंधमक होतं, तो गवताची पाती चिरून झुलतं घरटं विणत आणतो, अर्ध्यावर आलं की माद्या बघायला येतात, पसंत पडलं तर राहतात, आतली अस्तराची कामं करतात. नापसंत पडलं तर ते तसंच लटकत राहतं. मादी राहायला आली की नर पुढच्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. १९३०च्या सुमारास सलीम अलींनी समुद्रापलीकडे, अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम ठोकून हे सगळं बारकाईने टिपलं. आणि इकडे आपल्या सगळ्यांच्या मनात बहिणाबाईंचा खोपा झुलतोय, त्यात ती पिल्लांसाठी विणते.

एका कार्यशाळेत एक शिक्षिका माझ्यावर रीतसर चिडल्या. "मग आम्ही कविता शिकवायची की नाही?" शिकवायची, अर्थातच. बहिणाबाईंना आईबद्दल बोलायचं होतं आणि त्या काही पक्षिशास्त्राच्या परीक्षेला बसल्या नव्हत्या. माझी पंचाईत वेगळी होती. मजकुरात मी 'सुगरण पक्षी' असं लिहून निसटले असते. 'पक्षी' पुल्लिंगी, काम झालं. पण घरट्याला लटकलेल्या त्या पक्ष्याचं डोकं मला पिवळं करायचं होतं की चिमणीसारखं भुरकट, हे ठरवल्याशिवाय कुंचला बुडवता येत नव्हता. पिवळा केला. मग त्या पिवळ्या डोक्याशेजारी 'सुगरण घरटं बांधते' हे वाक्य उघडं पडलं आणि लिहिणारीला ते बदलावं लागलं. शेवटी छापलं ते असं: 'सुगरण हे नाव बाईचं आहे. पण इथे घर बांधतोय बाबा.'

कोळ्याच्या बाबतीत तेवढंही जमलं नाही. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधलेली सोनेरी झाक असलेली प्रचंड जाळी दिसतात, मधोमध जायंट वूड स्पायडर बसलेला. बसलेली. आठ पाय पसरले तर तळहात भरेल एवढी ती, आणि त्याच जाळ्याच्या कडेला अंग चोरून बसलेला एक मुंगीएवढा जीव, तो तिचा नर. हे मुलांना सांगायचं कसं? 'कोळी जाळं विणतो' म्हणावं तर विणणारी ती आहे. 'मादी कोळी' हा शब्द सरकारी अर्जातला वाटतो. एकदा मी वर्गात धाडस करून 'कोळीण जाळं विणते' म्हणून पाहिलं. तोच खारदांड्याचा वर्ग. आधी शांतता, मग एक मुलगी म्हणाली, "बाई, जाळं बाबा विणतात. आई मार्केटला जाते." मग जो हशा झाला त्यात तास संपला.

ह्या पानाचा तोडगा मला अजून सापडलेला नाही.

मधे मधे लोक विचारतात, पोट भरतं का. पोट सकाळच्या रेखाकलेच्या शिकवण्यांवर आणि नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीवर भरलं. एका ठिकाणी लेखनाचं आणि चित्रांचं मानधन वेगवेगळं ठरलं होतं; बिल पाठवल्यावर हिशेबनिसांचा फोन आला, "मॅडम, एकाच नावाने दोन बिलं आलीत, त्यातलं एक रद्द करतो हं." पुस्तक प्रदर्शनात आईबाप पुस्तक उचलतात, चाळतात, "यात गोष्ट नाहीये का?" विचारतात, आणि "बोध काय आहे?" असंही. बोंबिलाचा बोध काय सांगणार? मराठीत असलं चालत नाही हे तर मी इतक्यांदा ऐकलंय. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ह्याच मुंबईत 'दिग्दर्शन' मासिक काढलं ते भूगोल, विज्ञान, इतिहास मराठीत सांगण्यासाठीच; तेव्हाही कुणीतरी त्यांना चालत नाही म्हणालंच असणार, असं मी आपली मनाशी धरून चालते.

छापखान्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण निम्म्या चुका तिथे जन्मतात. बत्तीस पानी पुस्तक म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे छापून घड्या घातलेले मोठे कागद. पिनांच्या बांधणीत मधली जोडी, १६-१७, तेवढीच एका सलग कागदावर येते. बाकी सगळीकडे डावं पान आणि उजवं पान वेगवेगळ्या कागदांवरून येऊन शेजारी बसतात, तेव्हा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पहिल्या पुस्तकात माझ्या देवमाशाचा डोळा घडीत गेला. दुसऱ्यात फ्लेमिंगोची मान मोडली. आता मी मोठं चित्र १६-१७ वर ठेवते आणि मग पुस्तकाचा सगळा क्रम त्याभोवती रचते. वाचणाऱ्याला वाटतं, मध्यावर येऊन केवढा नाट्यमय क्षण साधलाय! साधलाय पिनांनी.

पावसाळ्यात तर जलरंग वाळतच नाहीत. कागद पापडासारखा वळतो, दोन दिवसांनी कोपऱ्याला बुरशीचा ठिपका येतो. मी चित्र पालथं घालून, वर सुती कापड ठेवून मागून हलकी इस्त्री फिरवते. एका जुलैत भरतीच्या चित्रावर इस्त्री जरा रेंगाळली, समुद्राला करपल्याचा पिवळा डाग पडला. पुस्तकात तो आहे. त्याला सगळे संध्याकाळचं ऊन समजतात.

शंखाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती तीन वर्षांनी निघाली. ह्या वेळी मी छापखान्यात जाऊन मशीनवरचा पहिला कागद बघून आले. एकविसाव्या पानावर खेकडा पुस्तकाबाहेर बघतोय, खुशाल बघू दे. त्याच शाळेत पाच प्रती घेऊन गेले. तो मुलगा आता दुसऱ्या शाळेत, आठवीत. त्याच्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी शंख काढल्याबद्दल आजीने त्याला चांगलाच बदडला होता. त्याच्यासाठी एक प्रत बाजूला ठेवून घेतली त्यांनी.

चौथीचा वर्ग होता. मी शंखाचं पान उघडून सगळी हकिकत रंगवून सांगितली. मुलं हसली, पण पहिल्या बाकावरची एक मुलगी मी बोलत असताना पुढचंमागचं चाळत नवव्या पानावर थांबली होती. तिथे फिडलर खेकडा आहे, चिखलात राहणारा, त्यातल्या नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी चिमुकली. मोठी हलवून दाखवायला आणि भांडायला, जेवायचं ते चिमुकलीने.

"ह्याचा मोठा डेंगा डाव्या बाजूला का काढला?"

हा प्रश्न मला येणार हे माहीत होतं. मी ऐटीत सांगितलं, "ह्यांच्यात बहुतेक जातींत दोन्ही असतात. अर्ध्यांचा डावा, अर्ध्यांचा उजवा. म्हणून हे चित्र फिरवलं तरी चालतं."

"तुम्ही मोजले?"

नव्हते मोजले. वाचलं होतं, दोन ठिकाणी वाचलं होतं, आणि ते बरोबरच आहे. मी म्हटलं, "मोजून सांगते."

रविवारी दुपारी ओहोटी होती. कार्टर रोडच्या खारफुटीजवळ, तिवरांची ती वर आलेली मुळं जिथे संपतात तिथे, कोरड्या दगडावर गोणपाट टाकून बसले. सावली पडली की सगळे बिळात जातात आणि चिखल रिकामा होतो, मग पाचएक मिनिटं अजिबात हलायचं नाही. माझ्या मागे एक मुलगा आईला विचारत होता, त्या काकू चिखलात काय बघतायत. वहीत दोन रकाने आखले होते. डावे चार, उजवे पाच. एकजण बिळातून अर्धाच वर आला होता, मोठी नांगी अजून आत.